नाकारलेली भाकरी

साळवी स्टॉप, रत्नागिरी
१० नोव्हेंबर २०२४

राकेश,

सप्रेम जय भीम.

आपण काय खायचं हे कायम दुसऱ्यांनी ठरवलं, हे गाऱ्हाणं तुझं आहे, माझं आहे आणि आपल्या वाडीत जन्मलेल्या प्रत्येकाचं आहे. आजीच्या काळात गावाने ठरवलं. आपल्या डब्यातल्या सुकटीचा वास आला की वर्गातली मुलं डबे उचलून पलीकडच्या बाकावर जात, तेव्हा त्या मुलांनी ठरवलं. आता दवाखान्यातला छापील कागद ठरवतो. त्यावर ओट्स, ऑलिव्हचं तेल आणि ब्रोकोली लिहिलेली असते, आणि लिहिणाऱ्याने राजापूरचा बाजार कधी पाहिलेला नसतो. सभेत मी हे बोलते तेव्हा लोक माना डोलावतात. एवढ्यावर तरी आपलं दोघांचं एकमत होईल, म्हणून इथून सुरुवात केली.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. पत्र बंद करता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच.

भातकापणी सुरू झाल्यापासून आबा माझ्याकडे आहेत. आई गेल्यापासून गावच्या घरात ते एकटे, हे तुला माहीत आहे. उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या पायाची करंगळी काढली, तेव्हा तू हॉस्पिटलात येऊन गेलास. मी औषधं आणायला गेले होते ती वेळ साधून आलास, हेही मला माहीत आहे. आता शेजारच्या बोटाखाली जखम झाली आहे, थोडी ओली आहे. काळजीचं कारण नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, साखर खाली आली पाहिजे. दोन्ही वेळचा पांढरा भात बंद, चहातली साखर बंद. नाचणी, कुळीथ, भाज्या, मासे द्या.

मी सगळं काटेकोर करते. सकाळी नाचणीचं सत्त्व, दुपारी नाचणीची भाकरी, उकडलेला दुधी आणि मूग. मीठ बेताचं, तेल नाहीच. आबा व्यवस्थित जेवतात. चव ही सवय आहे आणि सवय बदलता येते. आपल्या लोकांनी याहून कितीतरी मोठ्या सवयी एका दिवसात बदलल्या आहेत.

आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला तू तुझ्या केटरिंगची माणसं आणून सगळ्या वाडीला गुलाबजाम, तळलेली कोंबडी आणि लोण्यातला पुलाव वाढलास. मी माइकवरून म्हणाले की हे जेवण नाही, हा ताटातून वाटलेला आजार आहे. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. ते वाक्य मी मागे घेत नाही. त्या पंगतीतल्या निम्म्या माणसांच्या खिशात साखरेच्या गोळ्या होत्या.

मागणं एकच आहे. धम्मचक्र दिनाला पाठवलास तसा बुंदीच्या लाडवांचा डबा पुन्हा पाठवू नकोस.

तुझी ताई,
रेणुका


२४ नोव्हेंबर

राकेश,

जय भीम.

डबा आला. पत्र पोचल्यावर मुद्दाम पाठवलास, कारण त्यात तुझ्या केटरिंगचं मेनू कार्ड होतं आणि त्याच्या मागे तुझं अक्षर: "आबांना सुखाने खाऊ दे. गोदीत त्यांनी पोती वाहिली ती म्हातारपणी दुधी खायला नाही."

डबा मी कपाटात वर ठेवला होता. आबांना वास आला. डोळ्यांनी कमी दिसतं, पण नाक शाबूत आहे.

"राकेशचा डबा हाय ना गो? काढ खाली."

"आबा, साखर चढेल. पायाचं काय?"

"पाय माजा. तोंड पण माजं."

त्यांनी लाडू खाल्ले. किती ते विचारू नकोस. खाताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. संध्याकाळी समोर सत्त्वाची वाटी ठेवली, तर चमच्याने वर उचलून धार बघत म्हणाले, "झकास घोटलंस. आता ह्या खळीनं जयंतीची पोस्टरं चिकटव." माझी आरोही एवढी हसली की तिला ठसका लागला. आजोबांच्या बाजूची आहे ती. कॉलेजातून येताना त्यांच्यासाठी गुपचूप खारी आणते, असा मला संशय आहे.

तू आणि तुझ्यासारखे सगळे एक गोष्ट धरून बसला आहात: जे अंगाला चांगलं ते जिभेला वाईट. हा समज कुणाच्या फायद्याचा आहे, याचा कधी विचार केलास? जो साखर विकतो त्याच्या, जो तेल विकतो त्याच्या, आणि मग जो गोळ्या विकतो त्याच्या. आपल्या जिभेवर बाजार बसला आहे आणि त्याला आपण आवड म्हणतो. हे मी पाचलच्या सभेत बोलले, तेव्हा एक बाई उठून म्हणाली, "म्याडम, खरं हाय तुमचं, पण माजा नवरा दुधी बघून घर सोडून जातो." सगळा मंडप हसला. मी पुढच्या मुद्द्यावर गेले.

जखम तशीच आहे. आबा ठीक आहेत.

रेणुका


८ डिसेंबर

राकेश,

आधीच्या दोन्ही पत्रांत मी लिहिलं की आबा व्यवस्थित आहेत. तसं नाही. आबा जेवत नाहीत.

माझ्यासमोर दोन घास घेतात. मी वळले की बाकीचं खिडकीबाहेर जातं. खालच्या पत्र्यावर कावळे एवढे माजले आहेत की खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन आल्या, तेव्हा मला कळलं. सदरा अंगावर लोंबतो. डॉक्टर मॅडमनी काल वजन बघितलं आणि मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं: जखम भरायला अंगात काहीतरी लागतं. हा माणूस उपाशी आहे, आणि जेव्हा खातो तेव्हा नेमकं नको ते खातो. जानेवारीच्या मध्यापर्यंत बघू. नाहीतर पाऊल घोट्यापासून काढावं लागेल.

हे आबांना मी सांगितलेलं नाही. त्यांना माहीत आहे असं वाटतं.

आता परवाचं सांगते. सहा डिसेंबरला लांज्याला माझं भाषण होतं. अभिवादन सभा होती, आबा म्हणाले, मी पण येतो. पुढच्या रांगेत खुर्ची, समोर स्टुलावर पाय. मी तेच सांगितलं जे दरवर्षी सांगते. आपल्या वाडीने धम्म घेतला ते वर्ष. तोपर्यंत रोज तिन्हीसांजेला वाडीतलं कुणीतरी टोपली घेऊन गावात दारोदार जायचं आणि टोपलीत वरून भाकरी टाकली जायची. दीक्षा घेतल्यावर वाडीतल्या जाणत्यांनी ठरवलं, उद्यापासून टोपली निघणार नाही. गावाने कामं बंद केली. वाडीने कंदमुळं उकडून खाल्ली, पण टोपली निघाली नाही. ज्यांनी उपाशी राहून त्या भाकरीला नाही म्हटलं त्यांची आपण मुलं आहोत, असं म्हणून मी थांबले. टाळ्या थांबेनात. आबा टाळ्या वाजवत नव्हते.

घरी आल्यावर मी ताट वाढलं.

"कसली गो ही भाकरी?"

"नाचणीची आबा. रोजचीच."

"आताच सांगत होतीस ना माइकवर? त्या टोपलीत काय असायचं?"

मी पाण्याचा तांब्या ताटाजवळ ठेवला.

"भात नव्हता गो त्यात. भात त्यांच्या ताटात. तो आपणच लावलेला, आपणच कापलेला. टोपलीत ही असायची. शिळी, करपलेली. मी आयशीचा पदर धरून उभा असायचो. एकदा माज्या डोक्यावर पडली, तर दारातली माणसं हसली. आय पण हसली, कारण हसलं नाय तर दुसऱ्या दिवशी मिळत नाय."

"आबा, दोष त्या टाकणाऱ्याचा. नाचणीचा काय दोष?"

"नसंल. जिभेला कोण समजवणार? गोदीत लागलो तवा पयल्यांदा पांढरा भात पोट फुटंस्तोवर खाल्ला. त्या दिवशी ठरवलं, ह्याच्या फुडं माज्या ताटात काळं नको. त्या भाकरीला नाय म्हटलं म्हणून तू टाळ्या घेतल्यास आणि तीच घरी आणून मला वाढतंस. आदी गावानं ठरवलं. आता तू ठरवतंस."

ताट त्यांनी सरकवलं नाही. हात न लावता नुसते बसून राहिले, आरोही येऊन ते उचलेपर्यंत.

मी उत्तर देऊ शकले असते. धान्याला मान नसतो आणि अपमानही नसतो, तो माणसाच्या हातातून येतो. मोठ्या शहरांतल्या दुकानांत तीच नाचणी आता काचेच्या बरणीत मानाने बसली आहे आणि खाऊनपिऊन सुखी माणसं ती हौसेने नेतात. अशी पन्नास वाक्यं माझ्याकडे आहेत आणि प्रत्येक वाक्य खरं आहे. पण समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ती भाकरी खरोखर पडली होती.

तुला हे का लिहिते आहे, मला ठाऊक नाही. तुझ्याकडे उपाय असेल असं मला वाटत नाही. तू फार तर आणखी एक डबा पाठवशील.

रेणुका


२२ डिसेंबर

राकेश,

तुझं उत्तर जिन्यात उभी राहून वाचलं, मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं. पुन्हा मेनू कार्डच्या मागेच लिहिलं आहेस, आणि जागा संपली म्हणून पुढच्या बाजूला गुलाबजामच्या आणि पनीरच्या मधल्या पट्टीतही. तुझी वाक्यं इथे उतरवून काढते. उद्या तू म्हणायला नको की मी असं लिहिलंच नव्हतं.

"ताई, तू आबांना नाचणी देतेस आणि तुला वाटतं ती तू शोधून काढलीस. आई रोज नाचणीची भाकरी खायची. वरकसावर, डोंगरउतारावरच्या आपल्या तुकड्यात, स्वतः पेरायची. आबा सुट्टीला आले आणि त्यांनी विचारलं तर सांगायची, कोंबड्यांसाठी आहे. सगळ्यांना भात वाढून झाला की मागच्या दाराशी बसून स्वतःची भाकरी भाजायची. पीठ उकळत्या पाण्यात भिजवायची, गार पाण्यात कधीच नाही. सुकट धुऊन कोरडी भाजायची, पाट्यावर ओलं खोबरं, लसूण, लाल मिरची आणि आमसूल घालून रगडायची. अर्धी भाकरी मला द्यायची आणि म्हणायची, आबांना सांगू नको. तू आत पुस्तक घेऊन बसलेली असायचीस. इतकी वर्षं मी लोकांना खायला घालतोय, पण तशी चव मला परत कुठे मिळाली नाही. माझ्या मेनूवर ती नाही, कारण मागणार कोण?"

आई मला चुलीजवळ येऊ देत नसे. "तू वाच गो, धुरात डोळे जातील," म्हणायची. मला वाटायचं, ती मला कष्टातून वाचवते आहे. ती वाचवत होतीच. पण त्या मागच्या दाराशी काहीतरी चालायचं आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हे आज कळलं. मी कायम सांगत आले की पथ्य म्हणजे निग्रह. आई निग्रह करत नव्हती रे. ती मजा करत होती! शेवटपर्यंत तिला ना साखर झाली, ना दाब. न्यूमोनियाने गेली. याचं श्रेय मी भाकरीला देणार नाही, डॉक्टर मॅडम हसतील. पण जे अंगाला चांगलं आहे ते जिभेलाही चांगलं असू शकतं, याचा पुरावा आपल्याच घराच्या मागच्या दाराशी बसलेला होता. मी पुढच्या दारातून सभांना जात राहिले आणि तू गावोगाव पुलाव शिजवत राहिलास.

डॉक्टर मॅडमना सुकटीचं विचारलं. म्हणाल्या, नीट धुऊन, वरून मीठ न घालता चालेल, आणि काहीही करा पण माणूस जेवला पाहिजे.

तू लिहिलंस तसं करून बघितलं. भाकरी थापताना फाटली, सुकट एका बाजूने करपली, आणि मिक्सरमधून चटणी निघाली ती ओल्या लगद्यासारखी. तरी ताटात ठेवली. आबांनी भाकरीकडे बघितलं नाही. चटणीत बोट बुडवलं, चाटलं. थोडं थांबले. पुन्हा बुडवलं.

"कुणी केली?"

"मी."

"तू नाय केलीस. तुज्या हातानं झाली आसंल, पण तू नाय केलीस."

मग मी सांगितलं. वरकसावरची नाचणी, मागचं दार, सगळं.

"कमळा? ती माज्यासंगं भात खायची."

"आबा, आई तुमच्यासमोर बसून कधी जेवली?"

त्यांनी पुन्हा चटणीत बोट बुडवलं, पण चाटलं नाही. शेवटी म्हणाले, "तू भाषणात काय पण सांगतंस. लोकांना रडवतंस, हसवतंस. तुजं कसं खरं मानू?"

"मी नाही, राकेश म्हणतो. आरोहीच्या फोनवरून लावू का?"

"फोन नको. फोनवर तोंड दिसत नाय. राकेश बसायचा तिच्यापाशी, ते मला म्हायती हाय. त्याला समोर बसून सांगू दे. आणि नुसतं सांगू नको म्हणावं. ती जेवायची तशी खाऊन दाखव म्हणावं."

आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

रेणुका


२ जानेवारी २०२५

राकेश,

जय भीम.

सोमवारी, १३ जानेवारीला सकाळी डॉक्टर मॅडम निर्णय घेणार आहेत. काल पट्टी बदलताना मी जखम बघितली, पण तिचं वर्णन करणार नाही. आबांनीही खाली वाकून बघितली आणि म्हणाले, "झाकून ठेव."

नाचणीने पाय वाचेल असं मी म्हणत नाही. औषधं चालू आहेत, इंजेक्शनं चालू आहेत, खरं काम तीच करतील. पण उपाशी अंगावर ती काम करत नाहीत, हे मॅडमनी मला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं आहे. त्यांच्या शब्दांत, तोपर्यंत हा माणूस नीट जेवू लागलेला जरी दिसला, तरी त्या आणखी थांबायला तयार आहेत. एवढीच फट उरली आहे.

तू म्हणशील, दोन वर्षं मला वाईट ठरवलंस आणि आता गरज पडली. हो, गरज पडली. पण गरज मला नाही, आबांना आहे. आपल्या घरात या एका भाकरीला वेगवेगळं ओळखणारी तीन माणसं आहेत. आबांना ती टोपलीतून माहीत आहे. मला ती पुस्तकातून माहीत आहे. आईच्या हातची फक्त तुला माहीत आहे. वरून कुणी टाकलेली नाही, मागून आणलेली नाही. स्वतःच्या जमिनीत पेरलेली, स्वतःच्या हाताने भाजलेली आणि आवडते म्हणून खाल्लेली. ज्या भाकरीला वाडीने नाही म्हटलं ती ही नव्हे, हे आबांना पटवणारा माणूस जगात तू एकटाच उरला आहेस. माझ्या भाषणाने ते होणार नाही. तुझ्या बुंदीने तर नाहीच.

मला ठाऊक आहे तुला भीती कशाची वाटते. आईने सांगितलं होतं, आबांना सांगू नको. तू आजवर ते पाळलंस, माझ्यावर चिडून कार्डावर लिहीपर्यंत. माझ्या मते आई हे आबांपासून लपवत होती ती त्यांना लाज वाटू नये म्हणून. तिला स्वतःला त्याची लाज नव्हती, नाहीतर तिने तुला शेजारी बसवून खाऊ घातलं नसतं. आता आबा स्वतःच विचारताहेत. विचारणाऱ्याला उत्तर दिलं तर तिचा शब्द मोडत नाही.

इथे सगळी तयारी आहे. वरकसावरचं आता काही उरलं नाही, पण राजापूरच्या बाजारातून यंदाची नाचणी आणून दळून ठेवली आहे. सुकट मिरकरवाड्याच्या बंदरावरची आहे, मला निवडता येत नाही म्हणून आरोहीने निवडली. पाटा शेजाऱ्यांकडून मागून आणला आहे, त्यांनी तो आजवर दारापाशी पाय पुसायच्या दगडासारखा ठेवला होता. खसखसून धुतला आहे. तू भाजत असशील तेव्हा मी स्वयंपाकघरात येणार नाही. तू सांगत असशील तेव्हा एक शब्द बोलणार नाही. असं वचन मी आजपर्यंत कुणाला दिलेलं नाही, सभेच्या अध्यक्षांनाही नाही.

आबा खातील का, ते मी सांगू शकत नाही. काल जेवणाच्या वेळी त्यांनी विचारलं, "राकेशचं काय उत्तर?" मी म्हटलं, अजून नाही. ते म्हणाले, "बिझी आसंल." आणि पुन्हा विचारलं नाही.

मला उत्तर लिहू नकोस. डबा पाठवू नकोस. शुक्रवारी, दहा तारखेला संध्याकाळी तुझ्या नालासोपाऱ्याहून सुटणारी रत्नागिरीची एस.टी. पकड, सकाळी साळवी स्टॉपला उतर, आणि शनिवारी दुपारी आबांच्या समोर मांडी घालून बसून आईची ती भाकरी खा.

रेणुका